आत्याबाईच्या खात्यातून ये-जा

आमच्या मोठ्या आत्याच्या घरातून न गेलेला माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे, आणि जो येईल तोही बारशाच्या आधी आईच्या खांद्यावरून एकदा तिच्या घरातून जाईलच. मी 'घरातून' म्हणतो आहे, 'घरी' नव्हे. जगातली बाकीची माणसं आपापल्या आत्याकडे जातात. आम्ही आमच्या आत्यातून जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे, धानाच्या बांध्या सुरू झाल्या की आमचं गाव लागतं. तिथं आत्याच्या घराचं पुढचं दार एसटीच्या रस्त्यावर उघडतं आणि मागचं दार तलावाच्या पाळीवर. शाळा, राशनचं दुकान आणि पिठाची गिरणी, सगळं तलावाच्या बाजूला. रस्त्यानं जायचं म्हटलं तर अख्ख्या गावाला वळसा. आत्याच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, शिरलं, माजघर ओलांडलं आणि घरामागच्या सांदवाडीतल्या केळीखालून बाहेर पडलं की पेटवलेली विडी संपायच्या आत माणूस तलावावर. त्यामुळे तिच्या घराची दोन्ही दारं सकाळी कोंबड्याबरोबर उघडत आणि ताटं उचलली गेली तरी उघडीच असत. खरं सांगायचं तर ती बंद होतात हेच कोणाला माहीत नव्हतं.

या रस्त्याला एक नाका मात्र होता. माजघरात, उखळाजवळ, सूप घेऊन आत्या बसलेली असायची. तिच्यासमोरून जाणाऱ्यानं ती विचारेल त्याचं उत्तर द्यायचं, एवढीच पट्टी. "कुठी चाल्ला गा?" या प्रश्नाला नुसतं "मूलले" म्हणून भागत नसे. "मूलले कायले?" हा त्याचा धाकटा भाऊ लगेच मागून येई. माणूस उत्तर देईपर्यंत तिचं सूप थांबलेलं असायचं, आणि थांबलेल्या सुपासमोरून पाय उचलणं भल्याभल्यांना जमायचं नाही. या पद्धतीनं कोणाची सून रुसली, कोणाच्या धानावर करपा आला, मास्तरांची बदली कुठे झाली, हे तिला तहसीलदाराच्या आधी कळे. एकदा कापणीच्या दिवसांत पोट्ट्यांनी हाकललेलं एक रानडुक्कर पुढच्या दारानं शिरलं, माजघरातून तीरासारखं गेलं आणि मागच्या दारानं पसार झालं. आम्ही काठ्या घेऊन धावत आलो तर आत्या सूप हातात धरून तशीच बसलेली. म्हणाली, "कोणाचं होतं गा थे? विचारलं तं बोललं बी नाई." डुकराच्या उद्धटपणाबद्दल ती पुढे कितीतरी दिवस बोलत होती.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर एक उमेदवार आपल्या माणसांसह पुढच्या दारानं आला आणि दुसरा त्याच वेळी मागच्या दारानं. दोन्ही पार्ट्या माजघरात समोरासमोर आल्या. कोणी कोणाला वाट द्यायची यावर तापातापी झाली. आत्यानं चुलीवर आधण ठेवलं आणि म्हणाली, "बसा दोघंही. मत मी एकालेच देईन, पण चहा दोघायले आहे." दोघं एकाच बाजेवर बसले आणि चहा पिऊन एकमेकांच्या दारानं बाहेर पडले. आत्याचं मत कोणाला गेलं हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. या सगळ्यात आमचे मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, माजघरातल्या बाजेवर पेपर वाचत असत. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट केली: जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी पाय आखडून घेतले. ते गेले तेव्हा त्यांनाही मागच्याच दारानं तलावाकडे नेलं. मला आठवतं, तिरडी माजघरातून जात असताना आत्यानं सवयीनं विचारायला तोंड उघडलं आणि मग मिटून घेतलं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गावाच्या बाहेरून सिमेंटचा रस्ता झाला, चांगला रुंद, दिव्यांच्या खांबांसकट. शाळेची पोरं सायकलींवरून त्या रस्त्यानं जाऊ लागली, बायका गिरणीवर गाडीनं जाऊ लागल्या, आणि आत्याच्या घरातली वाट ओस पडली. दुसरी म्हणजे पुण्याला असलेला माझा आतेभाऊ दर फोनला म्हणू लागला, "आई, तिथे एकटी काय करतेस? चल इकडे." आत्या एकदा जाऊनही आली. तिच्या मुलाचा फ्लॅट मोठा आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, सगळं आहे. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "घर मोठं आहे रे बापू, पण एकच दार. ज्या दारानं आत गेलो त्याच दारानं बाहेर याचं? हे का घर होय? हे तं मडकं होय." मुलाला मात्र ती असं काही बोलत नसे. त्याला ती एवढंच म्हणे, "मी एकटी कुठी आहो? लोकं येतेत-जातेत ना." रस्ता झाल्यावर तिचं हे एकमेव कारणच लंगडं पडलं. आतेभावाला ते समजलं होतं, आणि त्याला समजलं आहे हे आपल्याला कळल्याचं दिसू नये म्हणून ती मला फोन करून सांगे, "थो पुसल तं सांग, काल बी गर्दी होती."

इथं माझा प्रवेश होतो. मी चंद्रपूरला एका कचेरीत कारकून आहे आणि घराण्यात मोबाईलचा डॉक्टर समजला जातो. यामागचं कारण असं, की एका लग्नात मी कोणाचा तरी बंद पडलेला मोबाईल हातात घेतला आणि तो आपोआप सुरू झाला. तेव्हापासून मला कोणी जेवायला बोलावलं तरी आधी मोबाईल पुढे करतात. माझं सगळं शास्त्र 'बंद करून चालू करा' या एका वाक्यात संपतं. माझी बायको म्हणते की हाच उपाय मी स्वतःवर केला असता तर कचेरीत बढती मिळाली असती. तर आतेभावानं पुण्याहून आत्यासाठी चांगला मोबाईल पाठवला आणि त्यात तिचं खातं उघडायला मला सांगितलं. मी उघडलं. खातं हरवलं तर विचारायचा नंबर म्हणून आतेभावाचा नंबर टाकला. पासवर्ड म्हणून आत्यानं आपल्या गायीचं नाव सांगितलं. मोबाईलनं मागणी केली की त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे. "गायीले आकडा कायले?" आत्यानं विचारलं. मग गायीच्या तिसऱ्या वासरावरून तीन घेतले, आणि चिन्ह म्हणून एक चांदणी लावली, कारण गायीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. इतका अर्थपूर्ण पासवर्ड मी दुसऱ्या कुणाचाही पाहिलेला नाही.

सुरुवात कवितापासून झाली. ही शेजारची पोरगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, पहाटे तलावाच्या पाळीवर धावणारी. तिला सरावाच्या प्रश्नांचं एक अॅप उघडायचं होतं आणि गावात चांगली रेंज फक्त आत्याच्या सपरीतल्या पुढच्या खांबाला टेकल्यावर मिळते, म्हणून ती तिथं उभी होती. अॅपनं तिला विचारलं की नवीन खातं काढतेस, की आधीच्या एखाद्या खात्यानं आत येतेस? तिच्या मोबाईलात धड काहीच जुळेना. मी त्या दिवशी तिथंच होतो, म्हणून डॉक्टरकी करत समजावून सांगितलं. म्हटलं, हे बघ, प्रत्येक अॅपला नव्यानं नाव-गाव सांगत बसायला नको म्हणून ही सोय आहे. तुझं एखादं जुनं खातं असलं की ते बटण दाबायचं. अॅप त्या खात्याच्या कंपनीला विचारतं, ह्याला ओळखता का? ती म्हणते, हो, आमचाच आहे. की दार उघडलं.

आत्या सूप घेऊन आतून बाहेर आली. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला होता. "म्हंजे अॅपवाला पुसते, कोणाची होय? आन खातेवाला सांगते, आमच्या आत्याबाईची होय. असंच ना?"

"साधारण असंच," मी म्हटलं.

"मंग एवढं शिकवून का राह्यला तिले? लग्नाच्या मांडवात बी असंच तं जातेत." आणि कविताकडे वळून म्हणाली, "माह्यातूनच जा ना वो पोरी! माह्यं खातं का बंद आहे?" आणि रस्त्यापलीकडच्या टपरीलाही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं गाय, तीन आणि चांदणी सांगून टाकली. टपरीवर त्या वेळी बरीच माणसं होती.

पावसाळा संपेस्तोवर अर्धं गाव आत्याच्या खात्यातून निरनिराळ्या अॅपांमध्ये शिरलं होतं. धानवाले पिकाच्या रोगांच्या अॅपात, मूलच्या राईस मिलवर काम करणारा, तिशी ओलांडलेला मोरेश्वर लग्न जुळवणाऱ्या अॅपात, मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देणारा आत्याचा एक भाचा पाहुण्यांच्या अॅपात, पलीकडच्या गल्लीतली नवी सून बाळंतपणाच्या अॅपात. आरमोरीला दिलेल्या पोरींना माहेरच्या खात्यावर आपला हक्क वाटला, म्हणून त्याही आल्या. कापूस वेचायला तेलंगणात गेलेल्या टोळीनं सिनेमे बघायचं अॅप उघडलं तेही आत्यातूनच. मी एकदा कळकळीनं सांगितलं की खातं ही खासगी गोष्ट असते, असं कोणालाही द्यायचं नसतं. ती म्हणाली, "कोणालेही कुठी देल्लं? गावातल्यालेच देल्लं." त्याच वेळी माझा मोबाईल अडला होता आणि मीही तिच्याच खात्यातून रेल्वेचं वेळापत्रक बघत होतो.

सगळ्या अॅपांना मात्र वाटत होतं की ही एकच बाई आहे. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं आमची आत्या एकाच वेळी पोलीस भरतीला बसली होती, वधूच्या शोधात होती, तिच्या धानाला करपा लागला होता, तिला चौथ्या महिन्यात उलट्या होत होत्या आणि फावल्या वेळात ती दक्षिणेतले मारामारीचे सिनेमे बघत होती. अॅपांनी तिला जे जे सांगितलं ते सगळं तिच्या मोबाईलवर येऊ लागलं, मोबाईल दिवसभर टिणटिण वाजू लागला, आणि माजघरातला बंद पडलेला नाका पुन्हा सुरू झाला. चष्मा नाकावर ओढून ती एकेक निरोप वाचायची आणि सुपातले खडे निवडावे तसे ज्याचे त्याला पोचवायची. "कविते, आज तू धावली नाईस म्हंते थो!" अशी हाक पहाटेच पाळीपर्यंत जायची. बाळंतपणाच्या अॅपनं 'अभिनंदन, बाळ आता लिंबाएवढं झालं' असं कळवताच आत्या डिंकाचे लाडू घेऊन त्या सुनेच्या घरी गेली. सासूनं विचारलं, लाडू कशाचे? तोपर्यंत त्या नवरा-बायकोनं ही बातमी घरात सांगितलेलीच नव्हती. सासू आधी रागावली, मग रडली, आणि शेवटी तिनंच निम्मे लाडू खाल्ले.

मोरेश्वरच्या बाबतीत ती एक पाऊल पुढे गेली. त्याच्यासाठी आलेल्या मुलींच्या निरोपांना ती स्वतःच उत्तरं देऊ लागली. बोलून लिहायची सोय मीच तिला शिकवली होती, हे इथं सांगून टाकलेलं बरं. एका मुलीनं विचारलं, स्वभाव कसा आहे? आत्यानं कळवलं, "पोट्टा बेस आहे. दारू पेत नाई. पण सकाळी लवकर उठत नाई, आन केस पांढरे आहेत थे काळे करते." मोरेश्वर भडकून आला. "आत्याबाई, तुमी काऊन सांगतलं केसाचं?" आत्या म्हणाली, "लग्न झाल्यावर तिले दिसणार नाई का? आंधळी पोरगी पायजे का तुले?" मोरेश्वर पुढच्या दारानं आला होता, तो पाय आपटत मागच्या दारानं गेला. पण त्याच मुलीचं उत्तर आलं, की एवढं खरं बोलणारं घर पहिल्यांदाच भेटलं. आज ती मोरेश्वरची बायको आहे आणि त्याचे केस तीच काळे करते. मोहर्लीच्या भाच्याचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. कुण्या शहरी पाहुण्यानं त्याच्या खोल्यांबद्दल लिहिलं, जेवण उत्तम, पण तीन दिवसांत वाघ दिसला नाही. मालकाच्या जागी आत्याचं उत्तर झळकलं: "वाघ का आमी गोठ्यात बांधून ठेवला आहे? त्याले बी कामं असतेत." भाच्यानं डोक्याला हात लावला. मग तेच उत्तर वाचून पाहुणे येऊ लागले, तेव्हा हात काढून घेतला.

आतेभावाचा फोन आला की आता आत्या मोबाईल कानापासून जरा लांब धरायची, म्हणजे मागची बोलाचाली त्याला ऐकू जाईल. "एकटी कुठी आहो?" हे वाक्य तिच्या तोंडी पुन्हा ठणठणीत झालं होतं.

आणि एका सकाळी कंपनीनं खातं बंद केलं. संशयास्पद हालचाल, असं मोबाईलवर आलं. आत्या चिडली. "मी का हालचाल केली? मी तं इथीच बसून आहो!" खरंच तिनं काहीच केलं नव्हतं, पण कंपनीच्या हिशेबानं ही म्हातारी एकाच घटकेला मूल, आरमोरी, मोहर्ली आणि तेलंगणात होती, आणि चारही ठिकाणी वेगवेगळं काही करत होती. कंपनीनं काळजीनं विचारलं, की हे आपणच का? आणि हा प्रश्न तिनं रीतसर खातं हरवल्यावर विचारायच्या नंबरावर, म्हणजे पुण्याला, आतेभावाच्या मोबाईलवर पाठवला. तो मीटिंगमध्ये होता. तिथूनच त्यानं मला फोन केला. "दादा, आई चार ठिकाणी काय करतेय?"

मी काय सांगणार? जे होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "तिला करमत नाही म्हणून ती हे उद्योग करते. बास झालं. खातं मी सोडवून देतो. तू त्या सगळ्यांना बाहेर काढ, ज्याचं त्याचं खातं उघडून दे. आणि मी येऊन आईला घेऊन जातो." त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं कोणाला म्हणता येईल? ऊन तापलं की आत्याला घेरी येते, दवाखाना मूलला, आणि हा मुलगा पुण्यात फोन उशाशी घेऊन झोपतो. आत्यालाही ते माहीत होतं. ती मला फक्त म्हणाली, "पोराचा जीव टांगून ठेवाव का मी? लोकं येत नाईत तं मी बी कोणाच्या भरोशावर नाई म्हनू?"

पुढच्याच रविवारी मी सपरीत खांबाला टेकून बसलो आणि गावाची खाती उघडली. रांग पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. जन्मतारखा विचारताना कळलं की शाळेच्या मास्तरांनी अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला घातलेलं आहे. प्रत्येक खात्याच्या शेवटी मोबाईल एक प्रश्न विचारायचा: खातं हरवलं तर ओळख पटवायला दुसरं कोणाचं खातं सांगता? मी पहिल्यांदा हा प्रश्न मोठ्यानं वाचला तेव्हा कविता म्हणाली, "आत्याबाईचं टाका ना." दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्याला मी विचारलंच नाही. दुसरं कोणाचं होतं कुठे? आत्या आत बसून ट्रंक भरत होती. तिला यातलं काही कळलं नाही, आणि मलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

त्यानंतर मोबाईल गप्प झाला. आत्यानं मला फोन करून विचारलं, "बिघडला का रे बापू? वाजत नाई." मी म्हटलं, बंद करून चालू कर. तिनं केलंही.

आतेभाऊ आला तेव्हा मी चंद्रपूरहून गाडी ठरवून घेऊन गेलो. गाय शेजारी सोपवून झाली होती, ट्रंक दारात आली होती. आणि मग असं लक्षात आलं की घराला कुलूपच नाही. कधी लागलंच नव्हतं, ती पुण्याला जाऊन आली तेव्हाही नाही. आतेभाऊ मूलला जाऊन दोन नवी कुलपं घेऊन आला. पुढचं दार कसंबसं लागलं. मागचं दार मात्र हलेना. वर्षानुवर्षं उघडं राहून ते फुगलं होतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या, खाली मातीत रुतलं होतं. सुतार बोलावला. त्यानं दार उतरवलं, रंधा मारला, पुन्हा बसवलं, आणि कडी लावून पाहायला दार ओढलं तोच बाहेरून आवाज आला, "थांब गा, थांब! मले आत येऊ दे."

मोरेश्वर होता. पासवर्ड विसरला होता. "नंबर तुमच्यावर येते म्हंते, आत्याबाई. बघा बरं."

आत्यानं चष्मा लावला. खरंच, त्याचं खातं उघडायचा सहा आकडी नंबर तिच्या मोबाईलवर आला होता. "बस," ती म्हणाली. "चहा टाकतो, मंग सांगतो." चुलीवरच्या चहाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्या नंबराचा जीव नसतो. कप खाली ठेवून मोरेश्वरनं नंबर टाकला तोवर तो मेला होता. नवीन मागवला. तेवढ्यात पुढच्या दारानं कविता आली, तिच्या मागून बाळंतपणाच्या अॅपवाली सून पोट सांभाळत आली, धानवाले आले. आयुष्यात कोणी पासवर्ड लक्षात ठेवलाच नव्हता. गायीचं नाव, तीन आणि चांदणी एवढ्यावर सगळ्यांचं भागत आलं होतं. सगळ्यांचे नंबर एकाच मोबाईलवर टिणटिणायला लागले आणि कोणाचा कोणता हे आत्या एकेकाला बसवून, विचारून ठरवू लागली. "तुह्या अॅपात कायले जाचं आहे आज? हां, मंग हा तुह्या." सुतार कडीला हात घालायचा आणि कोणीतरी दारात उभं राहायचं. शेवटी त्यानं रंधा खाली ठेवला आणि आतेभावाला म्हणाला, "साहेब, दार तं लागते. पन लोकं याचे थांबन तवा लागन ना." आणि मग जरा ओशाळून आत्याकडे वळला, "आत्याबाई, माह्या बी एक नंबर आला असन, बघा."

आतेभाऊ माजघरातल्या बाजेवर बसला होता, मामाजींच्या जागी. मी त्याच्याकडे पाहत होतो. पहिल्या दोघा-तिघांच्या वेळी त्यानं कपाळाला आठी घातली. नंतर प्रत्येक येणाऱ्यासाठी तो पाय आखडून घेऊ लागला, आणि आपण पाय आखडतो आहोत हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवून थकला आणि आत येऊन चहा प्यायला बसला. ऊन उतरू लागलं तेव्हा आतेभाऊ उठला. त्यानं दोन्ही कुलपं खुंटीवर अडकवली, आईची ट्रंक उचलून परत आत ठेवली आणि स्वतःची बॅग खांद्याला लावली. गाडी पुढच्या दारात उभी होती. तो निघाला मात्र मागच्या दाराकडे, जिथून शाळेत जायचा. मला म्हणाला, गाडी पाळीवर आण.

आत्यानं सूप थांबवलं. डोळे मोबाईलवर ठेवून विचारलं, "कुठी चाल्ला गा?"

"पुण्याले," तो म्हणाला. कित्येक वर्षांत मी त्याच्या तोंडून गावची बोली ऐकली नव्हती.

"पुण्याले कायले?"

यावर तो हसला आणि केळीखालून निघून गेला. आता तो रोज फोन करतो, आणि घेरी आली तर मूलला न्यायला मोरेश्वरची गाडी उभी असते. या दोन अटींवर सगळं ठरलं आहे.

मीही त्या रविवारी माझ्या खात्यामागं तिचंच खातं लावून ठेवलं होतं. माझा पासवर्ड मला पाठ आहे. तरी चंद्रपूरला कचेरीत दुपार लांबली की मी 'विसरलो' वर बोट ठेवतो, आणि थोड्या वेळानं फोन वाजतो. "बापू, तुह्या नंबर आला. पन आधी सांग, जेवला का?" मग जेवणाचं, कचेरीचं, बायकोच्या गुडघ्याचं, सगळं होतं. अलीकडे तिला आकडे नीट दिसत नाहीत. ती एकेक आकडा थांबून, चष्मा पुसून वाचते, आणि शेवटच्या आकड्यापर्यंत पोचता पोचता नंबर मरून जातो.

"गेला का रे?" ती विचारते. "अजून एक पाठवतं का?"

मी पाठवतो.